जुन्या धुराड्याला लाकडाची नवी शेगडी जोडण्याबाबत मदत हवी आहे

लाकडावर चालणारी नवी बंदिस्त शेगडी मला घरातील जुन्या, विटांच्या धुराड्याला जोडायची आहे. शेगडीचे धुराचे तोंड ६ इंच व्यासाचे आहे, तर धुराड्याची आतली पोकळी ८ बाय १२ इंचांची, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून मोठी आहे. एवढ्या ऐसपैस जागेत धूर थंड होऊन त्याची वर जाण्याची ओढ मंदावेल आणि साचलेला डांबरासारखा थर एखाद्या दिवशी पेट घेईल, अशी भीती वाटते. बॅटरीच्या उजेडात आत चकचकीत काळी खपली दिसली, ती नखाने निघेना (बोटे मात्र दोन दिवस काळी राहिली). धुराडे खरवडून वरपर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप सोडावा, असे माझे मत झाले आहे. त्याभोवती उष्णतारोधक वेष्टन घालावेच लागते का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.