‘स्वायत्त व्यवहार’ आणि ‘परभारा व्यवहार’

प्रश्न : बडोद्यातील मराठी विद्यार्थ्यांसाठी डेटाबेसवर टिपणे लिहीत आहे. ट्रान्झॅक्शनला (एकत्रच पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्रच मागे जाणाऱ्या बदलांच्या गटाला) ‘व्यवहार’, कमिटला ‘पक्का करणे’, रोलबॅकला ‘मागे घेणे’ इथपर्यंत अडले नाही. ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनला मात्र ‘स्वतंत्र’ म्हणावे की ‘स्वायत्त’, आणि बॅकग्राउंडला ‘पार्श्वभूमीवरील’ म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद : ‘स्वतंत्र’ नको. अलगपणा हा प्रत्येक व्यवहाराचाच गुण मानला जातो, तेव्हा त्या विशेषणाने काहीच वेगळे सांगितले जात नाही. ‘आयत्त’ म्हणजे अधीन, आणि स्वायत्त म्हणजे आपल्याच अधीन. स्वायत्त महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असूनही अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या हाती ठेवते, त्याचप्रमाणे ऑरॅकल या डेटाबेस प्रणालीमध्ये हा व्यवहार मुख्य व्यवहाराने बोलावल्यावरच सुरू होतो, तो चालू असेपर्यंत मुख्य व्यवहार खोळंबून राहतो, पण पक्के व्हायचे की मागे जायचे हे आतल्याचे आतलाच ठरवतो. म्हणूनच मुख्य काम फसून मागे घेतले गेले, तरी ‘अमुक वेळी असा प्रयत्न झाला’ ही त्याने केलेली नोंद टिकते. सेव्हपॉइंटपुढील (व्यवहारात मध्येच ठेवलेल्या, जिथवर मागे जाता येते अशा खुणेपुढील) कामाला हे विशेषण लावू नये, कारण मुख्य व्यवहार मागे गेला की तेही मागे जाते. त्याला ‘उपव्यवहार’ पुरे.

‘आतला व्यवहार’ हा सोपा शब्दही मी टाळतो. आतला म्हटले की त्याला घरातले सगळे दिसत असणार, असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात मुख्य व्यवहाराने केलेले कच्चे बदल त्याला दिसत नाहीत, आणि मुख्य व्यवहाराने कुलूप लावलेली (इतरांना बदलता येऊ नये म्हणून अडवून ठेवलेली) ओळच त्याने बदलायला मागितली, तर बाहेरचा आतल्याची आणि आतला बाहेरच्याच्या कुलपाची वाट पाहत दोघेही अडकतात.

‘पार्श्वभूमीवरील’ हा शब्द वर्तमानपत्रांनी कामातून घालवला आहे. निवडणुकीपासून पावसापर्यंत सारे काही कशाच्या तरी पार्श्वभूमीवर घडते. ‘पडद्यामागचा व्यवहार’ म्हणाल, तर लाचेचा वास येईल. काम दुसऱ्या सत्रावर (डेटाबेसशी जोडलेल्या वेगळ्या सेशनवर) सोपवून, त्याच्या निकालासाठी न थांबता बोलावणारा पुढे जातो, अशा व्यवहाराला मी ‘परभारा’ म्हणेन. त्याच अर्थाचा गुजरातीतला ‘बारोबार’ इथल्या मुलांच्या कानांवर असतोच.

प्रश्नकर्ता : पोस्टग्रेस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीमध्ये स्वायत्त व्यवहाराची अंगभूत सोय नाही, डीबीलिंक या तिच्या जोडसुविधेने दुसरी जोडणी उघडून तिच्यातून नोंद पक्की करतात. जोडणी वेगळी असल्यामुळे तो परभारा ठरेल ना?

प्रतिसाद : जोडणीवरून नव्हे, थांबण्यावरून ठरवावे. नेहमीच्या पद्धतीने वापरल्यास बोलावणारा तिथे उत्तर येईपर्यंत थांबतो, म्हणून तो स्वायत्तच. काम रांगेत टाकून निघून गेला, तर परभारा.

दुसरा प्रतिसाद : पक्का न झालेल्या व्यवहाराला ‘जांगड’ म्हणता येईल का? सराफाकडून पसंतीसाठी आणलेला दागिना विकत घेतलेला नसतो, आणि तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकालाही मिळत नाही.

प्रतिसाद : कुलपापुरती उपमा चोख आहे, पण जांगड दिलेल्या दागिन्याची सराफाच्या वहीत नोंद असते आणि पेढीवरच्या कोणालाही ती वाचता येते, तर ऑरॅकल वा पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये कच्चा बदल करणाऱ्याखेरीज इतरांना, रीड कमिटेड पातळीवरही (जिथे दुसऱ्यांचे फक्त पक्के झालेले बदल वाचता येतात), जुनीच किंमत दिसत राहते. वर्गात सांगायला जांगड घ्यावी. टिपणात ‘कच्चा व्यवहार’च ठेवावा.