प्रोबायोटिक कॅप्सूलने सीआरपी खरोखर उतरतो का? मदत हवी आहे

माझ्या आईला (वय ६४) टाइप २ मधुमेह आणि तिसऱ्या टप्प्यातील मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे. शरीरातील दाहाचा अंदाज देणारी एचएस-सीआरपी तपासणी दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा केली, तेव्हा ५.८ आणि ५.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे आकडे आले. ३ च्या वरचे प्रमाण हृदयविकाराच्या दृष्टीने जोखमीचे मानतात, म्हणून फार काळजी वाटते. डॉक्टरांना विचारून तिने आठ आठवडे प्रोबायोटिक कॅप्सूल घेतली. आता आकडा ४.९ आहे, पण एवढा चढउतार एरवीही होतो, याची मला जाणीव आहे.

डबीवर ‘१० अब्ज जिवाणू’ असे ठळक छापले आहे, खाली लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम ही नावेही आहेत. मात्र नेमका स्ट्रेन (त्या जिवाणूचा विशिष्ट उपप्रकार) कोणता, हे कुठेच लिहिलेले नाही. परिणाम स्ट्रेननुसार बदलतो, त्यामुळे हीच उणीव मला सर्वांत जास्त खटकते.

या काळात स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचे औषध) किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा बदललेली नाही, अँटिबायोटिक दिलेले नाही आणि तपासणीच्या वेळी सर्दी, ताप किंवा हिरड्यांची सूज नव्हती. डायलिसिस सुरू नाही. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध किंवा शिरेत बसवलेली नळीही नाही. डॉक्टर ‘हरकत नाही’ एवढेच म्हणतात.

मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये सीआरपी कमी झाल्याचे चाचण्यांत कोणत्या स्ट्रेनबाबत दिसले आहे, आणि उपयोग नाही असे ठरवून कॅप्सूल बंद करण्यापूर्वी किती आठवडे वाट पाहावी?