हिप रिप्लेसमेंटनंतर रात्रीचं दुखणं, आणि गोळी टाळणारे बाबा

धाकटी_लेक
बाबांचा (वय 71) उजवा खुबा बदललाय, दुसरा आठवडा चालू आहे. दिवसा वॉकर घेऊन बऱ्यापैकी फिरतात, रात्री मात्र हाल. मध्यरात्रीनंतर मांडी ठणकायला लागते, कूस बदलता येत नाही, पहाटेपर्यंत जागेच. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ठरावीक वेळांना आणि "फारच दुखलं तर" ट्रामाडॉल लिहून दिलीय. बाबांचं एकच पालुपद: "सहन होतंय ना? मग उगाच किडन्या कशाला घालवू? आणि सवय लागली म्हणजे?" दुपारची गोळी हटकून चुकवतात, रात्री असह्य झालं की मागतात. शेक बर्फाचा द्यायचा की गरम पिशवीचा? पाय घोट्यापर्यंत सुजलाय, तेही विचारायचं होतं.

काठीवाली_आजी
माझे दोन्ही खुबे बदललेले आहेत, त्यामुळे अधिकारवाणीने बोलते. बाबांना सांग, दुखणं अंगावर काढल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही. एकदा ठणका चढला की तो उतरवायला जास्त वेळ लागतो. म्हणून पॅरासिटामॉल दुखो न दुखो, घड्याळ बघून घ्यायची. माझ्या सुनेने मोबाइलवर गजर लावून ठेवले होते. वैताग यायचा, पण झोप लागायची.

किडनीची भीती खरी आहे, पण ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांची. त्यात बाबांना रक्त पातळ करणारं औषध चालू असणार. त्यासोबत या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून अशी गोळी आणू नका. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, म्हणून चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच. सर्दीच्या गोळ्यांतही बरेचदा पॅरासिटामॉल असते, ती यात मोजायची.

ट्रामाडॉल थोडे दिवस, सांगितल्याप्रमाणे घेऊन बंद केली तर सवयीचा धोका कमी असतो. तिचा खरा जाच म्हणजे बद्धकोष्ठ! पोट साफ होण्याचं औषध पहिल्यापासूनच मागून घ्या. मला टाक्यांपेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला. शिवाय गुंगी येते, रात्री बाथरूमला एकटं सोडू नका.

शेक बर्फाचा. कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं, जखम कोरडी ठेवून. गरम पिशवी सध्या नकोच.

निवृत्त_फिजिओ
आजींशी सहमत. भर एवढीच, की व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ येईल असं बसवा, म्हणजे व्यायाम टळत नाही.

दिवसा "बऱ्यापैकी फिरतात" म्हणजे एका दमात किती? बरेच पेशंट सकाळी हुरूप आला म्हणून खूप चालतात आणि त्याची वसुली रात्री होते. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा चालू द्या. तासन् तास खुर्चीत बसणंही वाईट, त्याने सूज उतरत नाही. सूज काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा राहते. आडवं पडून पाय उंच ठेवायचा, पावलं वर-खाली हलवत राहायची.

पण पोटरी दुखायला लागली, गरम-लाल झाली किंवा सूज एकाएकी वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली, छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी. अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड वाटला, टेकवेना, तर सांधा निखळलेला असू शकतो, तेव्हाही थेट हॉस्पिटल. ताप किंवा जखमेतून स्राव असेल तर सर्जनना लगेच फोन.

धाकटी_लेक
दोघांचेही खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. किडनीचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला, मग "बरं, लाव गजर" म्हणाले. सकाळी सलग फेऱ्या मारतात हेही खरं निघालं! झोपताना पायांत उशी ठेवायला सांगितलीय, ती ते रात्री काढून टाकतात. चालेल का?

निवृत्त_फिजिओ
चीर मागच्या बाजूने असेल तर नाही चालणार. पायावर पाय, पाऊल आत वळवणं, खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवणं, या तिन्ही गोष्टी सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. चीर पुढून असेल तर नियम वेगळे, पुढच्या तपासणीत विचारून घ्या.

काठीवाली_आजी
उशी निसटत असेल तर मोठी, जाड घ्या, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत येईल अशी. कूस बदलताना उशीसकट वळायचं, आणि सुरुवातीला कुणीतरी पाय धरायचा.