नव्या रोड बाईकची (रस्त्यावरच्या वेगवान सायकलची) चाकं आधी बदलायची? मला नाही पटत

घाटकरी: काल इथे एकाने लिहिलंय, 'नवी बाईक घेतली की कंपनीची चाकं काढा, कार्बनची घाला, बाकीचं नंतर.' डोकंच फिरलं. ज्याने पैसे साठवून क्लॅरिसची (शिमानोच्या स्वस्तातल्या गिअर संचाची) बाईक घेतली, त्याला बाईकच्याच किमतीची चाकं घ्यायला सांगता? आधी टायर बदला. कंपनीचा २५ मिमी रुंदीचा, कडेत तार असलेला टायर दाबून बघा, बैलगाडीची धाव वाटते. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चा मऊ टायर घाला. मग मागची ११-२८ दात्यांची कॅसेट (गिअरचक्रांचा संच) काढून ११-३४. सिंहगडच्या चढावर ताशी ८ किमीला ३४-२८ वर (पुढे ३४ दाते, मागे २८) कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे, ५२ वर येतो, ३४-३४ वर ६३. गुडघ्यांना विचारा.

वॉटमीटर: ते मीच लिहिलंय. कंपनीची चाकं दोन किलोच्या घरात असतात, बदलली की बाईक पळते. आणि मागचा डिरेलर (चेन गिअरवरून सरकवणारा भाग) छोट्या केजचा, म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा हात आखूड असेल तर ३४ बसत नाही, चेनही लांब लागते. ते का नाही सांगितलं? आम्ही ३९-२५ वर सिंहगड चढलोय.

घाटकरी: केजचं राहिलं, मान्य. पण चाकांत अर्धा किलो वाचवलंत, तर माणूस आणि बाईक मिळून ८२ किलोंत तासाभराच्या चढाला वीसेक सेकंद वाचतात. त्यासाठी इतके पैसे?

बीआरएमवाली: टायर कुठलाही घ्या, हवा किती भरता ते सांगा. दुकानातून ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून मिळाली आणि मी तशीच २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) गेले. साडेतेरा तासांच्या आत आले, पण शेवटच्या कंट्रोलला (नोंदीच्या ठिकाणी) बाटलीचं झाकण उघडेना, बोटं इतकी बधिर. माझं वजन ५८. आता २८ च्या टायरला ६५ भरते.

चेनल्यूब: ६५? आपल्या खड्ड्यांत? ट्यूब रिमवर चेपून दोन भोकं पडलीच म्हणून समजा. मी ७२ किलोचा, १०० च्या खाली उतरत नाही. टायरवर आकडा लिहिलेला असतो, वाचा.

बीआरएमवाली: ती कमाल मर्यादा असते. तेवढी भरा असं कुठे लिहिलंय?

चेनल्यूब: ताई, १५ वर्षं सायकल चालवतोय. शिकवू नका.

बीआरएमवाली: १५ वर्षं जास्त हवा भरली म्हणून ती बरोबर ठरते का? तुमचा जुना टायर २३ चा होता, आता २८ चा आहे. आकडा तोच कसा राहील?

पावसाळी: हवेवरून भांडताय आणि ब्रेक पॅड कोणालाच आठवले नाहीत! जूनमध्ये कात्रजच्या बोगद्यातून खाली येत होतो. लिव्हर हँडलला टेकला तरी बाईक थांबेना. पुढच्या एसटीपासून हातभर अंतरावर थांबलो. घरी येऊन पॅड काढले तर दगडासारखे कडक, त्यात रिमचे चमचमणारे कण रुतलेले. मऊ रबराचे पॅड हजाराच्या आत येतात. चाकं, टायर, कॅसेट, सगळं त्याच्यानंतर.

वॉटमीटर: पॅडचं एकदम मान्य. बरं, टायरही आधी. चाकांबद्दलचं मत मात्र मी बदलणार नाही.

चेनल्यूब: रविवारी ८५ भरून पानशेतला जातो. पंक्चर झालं तर इथेच येऊन सांगेन.

बीआरएमवाली: पुढे ८०, मागे ८५ ठेवा. आणि जास्तीची ट्यूब घेऊन जा.