नाझची कारकीर्द एकाच अल्बमवर तोलावी का?

प्रश्न

'गली बॉय'च्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून अमेरिकी रॅपर नाझचे नाव वाचले आणि त्या कुतूहलापोटी त्याचा 'इलमॅटिक' हा १९९४ सालचा पहिला अल्बम ऐकायला घेतला. जेमतेम ४० मिनिटांचा हा अल्बम महिनाभर रोज ऐकतो आहे, तरी त्यातून बाहेर पडता आलेले नाही. मात्र नाझविषयी जे काही वाचले, त्यात बहुतेकांचा सूर असा की विसाव्या वर्षी त्याने जे केले, ते पुढच्या तीस वर्षांत त्याला पुन्हा साधले नाही. हे मत कितपत रास्त आहे? आणि त्या वयात इतकी पक्व नजर त्याच्याकडे आली कोठून? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

नजरेपुरते बोलायचे तर उत्तर त्याच्या वस्तीत आणि घरात सापडते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्वीन्सब्रिज ही १९३९ साली उभी राहिलेली सरकारी वसाहत सहा मजली ९६ इमारतींची आहे आणि तीत तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडे आहेत. नसीर जोन्स, म्हणजेच नाझ, तेथे वाढला. वडील ओलू दारा हे मूळचे मिसिसिपीचे जॅझ कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखे वाद्य), तर आई टपाल खात्यात नोकरीला होती. आठवीनंतर त्याची शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण त्याने स्वतःच्या वाचनातून केले. १९९२ साली वरच्या मजल्यावर राहणारा त्याचा जिवलग मित्र गोळीबारात मारला गेला आणि त्याच प्रसंगात धाकटा भाऊही जखमी झाला. अल्बमवर या घटनेची सावली आहे, पण तो कोठेही आक्रोश करत नाही.

'वन लव्ह' हे गाणे पुन्हा एकदा शांतपणे ऐका. ते तुरुंगातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखाच दिसतो म्हणे, मग तुझी बायको तुला पत्र का लिहीत नाही, असे तो विचारतो; तुझ्या तुरुंगातील खात्यावर पन्नास डॉलर जमा केले आहेत, असेही कळवतो. शेवटच्या कडव्यात तो वस्तीत परततो, तेव्हा त्याला बारा वर्षांचा एक मुलगा भेटतो, जो थोरल्यांच्या थाटात बोलतो आणि ज्याची पावले त्याच वाटेवर पडू लागली आहेत. पत्र लिहिणारा फार उपदेश करत बसत नाही, तो मुख्यतः घरची खबर देतो आणि म्हणूनच ते गाणे काळजाला भिडते. अल्बममधील आणखी एका गाण्याच्या अखेरीस जो कॉर्नेट वाजतो, तो त्याच्या वडिलांनीच वाजवलेला आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु 'पुन्हा साधले नाही' हे मत मी साफ नाकारतो. 'इलमॅटिक' आला तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले खरे, पण अमेरिकेच्या विक्रीयादीत तो बाराव्या क्रमांकावर अवतरला होता. पहिला क्रमांक मिळाला तो १९९६ च्या 'इट वॉज रिटन'ला. त्या अल्बममध्ये एक संपूर्ण गाणे बंदुकीच्या तोंडून सांगितले आहे. हातोहात फिरणारी, वापरून कंटाळलेली बंदूक अखेर झाडली जायला नकार देते आणि त्या नकाराने काय ओढवते, ते ती स्वतःच सांगते. २००१ च्या 'स्टिलमॅटिक'मध्ये तर त्याने एक अख्खी कथा शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी नेली आहे. मधल्या काही अल्बमांत त्याने निवडलेल्या बीट (रॅपमागे वाजणाऱ्या तालबद्ध चाली) त्याच्या शब्दांच्या तोलाच्या नव्हत्या, हा आक्षेप मात्र खरा आहे. पहिल्या अल्बमच्या मागे डीजे प्रीमिअर, पीट रॉक, क्यू-टिप आणि लार्ज प्रोफेसर यांच्यासारखे संगीत-निर्माते उभे होते. तसा हात पुढे प्रत्येक वेळी लाभला नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. रॅपर जे-झीशी झालेल्या वादाचा त्याच्या कारकिर्दीवर काय परिणाम झाला?

प्रतिसाद ३

त्या वादाने त्याला पुन्हा उभे केले, असे माझे मत आहे. २००१ साली जे-झीने त्याची कारकीर्द संपल्यात जमा असल्याचे गाण्यातून सुनावले आणि नाझने 'ईथर' या गाण्यातून दिलेले उत्तर इतके जहाल होते की ते शीर्षक पुढे प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्याचे क्रियापद बनले. तथापि त्याच काळात नाझची आई आजारी होती आणि २००२ साली ती गेली. २००५ मध्ये दोघे एकाच मंचावर आले आणि पुढच्या वर्षी नाझ जे-झीच्याच अधिपत्याखालील डेफ जॅम या संगीत कंपनीत दाखल झाला.

वडिलांसोबतचे २००४ सालचे 'ब्रिजिंग द गॅप' हे गाणे अवश्य ऐकावे. त्यात ओलू दारा ब्लूजच्या ढंगात गातात आणि मुलगा त्यावर घराण्याची कथा रॅपमधून सांगतो. आणि अलीकडचे टाळू नये. निर्माता हिट-बॉयसोबत २०२० ते २०२३ या काळात त्याने सहा अल्बम केले. त्यांतल्या पहिल्याने, म्हणजे 'किंग्ज डिसीझ'ने, २०२१ साली त्याला पहिले ग्रॅमी मिळवून दिले. सहावा १४ सप्टेंबर २०२३ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला. प्रश्नकर्त्याने 'इलमॅटिक'नंतर थेट 'किंग्ज डिसीझ' ऐकावा आणि मधली वर्षे मग सवडीने भरून काढावीत.