विवरणपत्र भरलं नाही म्हणून आयकराची नोटीस : शेतकऱ्याने उत्तर द्यावं की नाही?

कादवाकाठ
निफाड तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे, जोडीला कांदा. २०२१-२२ मध्ये मालाचे बरेच पैसे रोखीने मिळाले, ते त्यांनी बचत खात्यात भरले. वर्षभरात बचत खात्यात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते. मामांनी आजवर कधी विवरणपत्र भरलेलं नाही आणि भरायची गरजही नव्हती. शेतीचं उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त आहे. त्याखेरीज फक्त बँकेचं व्याज, तेही त्या वर्षीच्या अडीच लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या खूप आत.

आधी मोबाइलवर संदेश आला : मोठे व्यवहार दिसतात, विवरणपत्र दिसत नाही. घरच्यांनी, भाऊबंदांनी एकच सांगितलं, "शेतकऱ्याला कर नाही, सोडून दे." मामांनी सोडून दिलं. आता कलम १४८अ ची नोटीस आलीय. या रकमेवरचं उत्पन्न करातून सुटलं असं का धरू नये, याची कारणं द्या, असं तीत विचारलंय.

माझं मत ठाम आहे. उत्तर द्यायलाच हवं, आणि ते पहिल्या संदेशालाच द्यायला हवं होतं. कर लागत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण अधिकाऱ्याच्या पडद्यावर फक्त पॅन आणि रक्कम असते, बाग नसते. आपण गप्प राहिलो तर तो समोर आहे त्या माहितीवर निर्णय घेतो. तीच रक्कम "स्रोत न सांगितलेला पैसा" ठरली तर त्या वर्षासाठी दर ६० टक्के, वर अधिभार आणि उपकर. वर्षभर राबून पिकवलेल्या मालाचा पैसा नुसत्या मौनापायी असा जाऊ देणं मला पटत नाही.

बांधावरून
दादा, तुमच्या मामांची काळजी समजते, पण मला हे उलटं वाटतं. सातबारा सरकारच्या संगणकावर आहे, २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, माल विकला ती बाजार समिती सरकारच्याच कायद्याखाली चालते. शेतकरी आहे की नाही हे पाहायला सरकारला काय अडचण आहे? ते सोडून रक्कम दिसली की नोटीस, आणि सिद्ध करायचं ओझं शेतकऱ्यावर. सल्लागाराची फी, तालुक्याला हेलपाटे, बुडालेली मजुरी हे कोण भरून देणार? करच लागत नाही त्याने खर्च का सोसायचा?

आणि नोटीस पोचते तरी कुठे? पॅन काढताना दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. नुसती आयकर खात्याच्या पोर्टलवर नोटीस टाकणं म्हणजे ती बजावणं नव्हे, असं पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय. मग न मिळालेल्या नोटिशीला उत्तर द्या म्हणणं हा कुठला न्याय?

जमाखर्च
मी रोज हेच काम करतो, म्हणून लिहितो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एक होताहेत. मोबाइलवर किंवा ईमेलवर येतो तो ई-मोहिमेचा संदेश, म्हणजे खात्याने केलेली नुसती आठवण. त्याला उत्तर दिलं नाही म्हणून दंड नाही. पण पोर्टलवर जाऊन "करपात्र उत्पन्न नाही" हा पर्याय निवडायला फी लागत नाही. वार्षिक माहिती विवरणात (एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली आपल्या व्यवहारांची यादी) त्या नोंदीपुढे "हे उत्पन्न करपात्र नाही" असा शेरा देता येतो. अनेक प्रकरणं तिथेच थांबतात. म्हणून पहिल्याच संदेशाला उत्तर द्यावं, या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

कलम १४२(१) ची (विवरणपत्र किंवा माहिती मागणारी) किंवा १४८अ ची नोटीस मात्र कायदेशीर कागद आहे. १४२(१) ला उत्तर नाही तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि कलम १४४ खाली अधिकारी आपल्या अंदाजाने करनिर्धारण करतो. १४८अ मात्र आपल्या बाजूची पायरी आहे. २०२१ च्या आधी प्रकरण थेट उघडलं जायचं, आता आधी विचारणं भाग आहे. ही संधी सोडू नका.

आणि आधी नोटीस खरी आहे का ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक लागतो. पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. संदेशातल्या लिंकवर बोट ठेवू नका.

सरळमार्ग
एवढा खल कशाला? शून्य उत्पन्नाचं विवरणपत्र भरून मोकळं व्हायचं. आमच्याकडे सगळे तेच करतात.

जमाखर्च
याला माझा स्पष्ट विरोध आहे. २०२१-२२ चं उशिराचं विवरणपत्र भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली. नंतरचं अद्ययावत विवरणपत्र हे राहिलेला कर ज्यादा रकमेसह भरण्यासाठी आहे, "माझं काही देणं नाही" हे सांगण्यासाठी नाही. उद्या कलम १४८ ची, म्हणजे प्रकरण पुन्हा उघडल्याची नोटीस आलीच तर विवरणपत्र भरावंच लागेल, पण त्यात शेतीचं उत्पन्न त्याच्या रकान्यात दाखवावं लागतं. ५,००० रुपयांच्या वर शेती उत्पन्न असेल तर विवरणपत्राचा एक नंबरचा साधा फॉर्मही (आयटीआर-१) चालत नाही. खात्यात लाखांची रोख आणि कागदावर शून्य, असं लिहून देणारा माणूस स्वतःच्याच विरोधात पुरावा तयार करतो.

निवृत्त शिक्षिका
शेतकऱ्यांचं मला फारसं कळत नाही, पण आमच्या पेन्शनर मंडळात एक गैरसमज सर्रास आहे. ८०सी ची (विमा, भविष्य निर्वाह निधी अशा बचतीवरची) वजावट घेतल्यावर कर शून्य येतो, म्हणून विवरणपत्र नको, असं लोक धरून चालतात. विवरणपत्र भरायचं की नाही याची मर्यादा मोजायची ती वजावटीआधीच्या उत्पन्नावर. अशांनी "गरज नव्हती" असं उत्तर दिलं तर ते चुकीचं ठरेल. तेव्हा उत्तर द्या म्हणण्याआधी आपण कुठल्या बाजूला आहोत ते नीट मोजा.

कादवाकाठ
ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

बांधावरून दादा, सरकारने आधी स्वतःकडची माहिती पाहावी, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. जमीन महसूल राज्याकडे आणि आयकर केंद्राकडे, त्या दोन दप्तरांची भेट घालायला शेतकऱ्याला मध्ये उभं करू नये. पण सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, पैसा कशातून आला ते नाही. दुसऱ्याची द्राक्षं घेऊन विकली तर तो व्यापार, त्याला ही सूट नाही. हा फरक खात्याला बाहेरून कसा कळणार? तो पट्ट्यांवरूनच, म्हणजे माल विकल्याच्या पावत्यांवरूनच कळतो. मामांकडे बाजार समितीच्या पट्ट्या आहेत, व्यापाऱ्याचे हिशेब आहेत, पीकपेऱ्यात द्राक्ष आणि कांदा दोन्ही आहेत. तारखेवार रोख भरणा आणि त्यासमोर पट्टी असा तक्ता मी आणि मामेबहीण मिळून करतोय.

बांधावरून
तुमच्या मामांना लिहिणारा भाचा आहे. ज्याच्या घरी कुणी नाही, त्याचं काय? आणि पट्टी मिळते ती बाजार समितीत. बागेवर येऊन रोख मोजून माल उचलणारा व्यापारी चिठ्ठीसुद्धा देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या शेतकऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं. त्याने उत्तर दिलं तरी ते मानतील याची खात्री तुम्ही देता का? नोटीस मराठीत द्या, पीकपाहणी खात्याने स्वतः बघावी, आणि मगच प्रश्न विचारावा. तोवर "उत्तर द्या" हे सांगणं मला अपुरंच वाटतं.

जमाखर्च
खात्री कुणीच देणार नाही. पण चिठ्ठी नसली तरी औषध-खतांची बिलं, मजुरीची वही, ठिबकच्या अनुदानाचे कागद, बागेचं पीककर्ज हे सगळं धरलं जातं. बागेतून साधारण किती माल निघतो, त्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आदेश विरुद्ध गेला तर अपिलातही हेच कागद कामी येतात. पहिल्याच पायरीवर दिलेले असले तर तिथे वजन जास्त पडतं.

कादवाकाठ, तक्ता झाला की उत्तरासोबत पीडीएफ करून जोडा. मुदत कमी पडत असेल तर ती संपायच्या आत पोर्टलवरच वाढवून मागा, आणि पोचपावती उतरवून ठेवा.