मदत हवी आहे: सापळ्यांची मिस्ड कॉल नोंदवही शेतकरी वापरतात, पण पीएचडीसाठी यातून 'थिअरी' कशी काढू?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात राहतो, कॉलेजात संगणक शिकवतो आणि माहिती प्रणाली या विषयात पीएचडी करतो आहे. पद्धत घेतली आहे डिझाइन सायन्स रिसर्चची. एखादी अडचण घ्यायची, तिच्यासाठी वस्तू घडवायची, ती वापरात आणून तपासायची आणि त्यातून ज्ञान काढायचं. वस्तू घडली, वापरातही आली. ज्ञानापाशी येऊन अडकलो आहे.

आधी वस्तू सांगतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडची पऱ्हाटी खाल्ली, ते कुणी विसरलेलं नाही. माझ्या बाबांनी उभ्या पिकात ढोरं सोडली होती. तेव्हापासून वावरात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, दिसू लागले. हेक्टरी पाच सापळे लावायचे, सकाळी पिशवीत अडकलेले नर पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले, की नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं. नियम सोपा आहे, पण तीन दिवसांची नोंद कुणाकडेच नसते.

म्हणून पहिल्या वर्षी मी अ‍ॅप केलं. सापळा क्रमांक, तारीख, पतंगांची संख्या, फोटो. पंधरा दिवसांत नोंदी बंद पडल्या. विचारायला गेलो तर शेजारच्या काकू सापळ्याची पिशवी माझ्यासमोर धुऱ्यावर झटकत म्हणाल्या, "आठ होय का नऊ, थे कोन मोजत बसते बापा? गंज पडले एवढं सांगतो नं तुले." त्यांच्या मोटारघराच्या पत्र्याच्या दारावर खडूच्या रेघा होत्या. ज्या दिवशी 'गंज', म्हणजे खूप, पतंग, त्या दिवशी एक रेघ. कमी असले तर काहीच नाही. तीन रेघा लागोपाठ आल्या की त्या बोंडं फोडून पाहायच्या.

ते दार पाहून मी अ‍ॅप बाजूला ठेवलं. दोन फोन नंबर घेतले. सरासरी आठच्या आत असेल तर एका नंबरवर मिस्ड कॉल, आठ किंवा वर असेल तर दुसऱ्यावर. तिसऱ्या 'वर'ला आमच्याकडून फोन जातो आणि वऱ्हाडीतला आवाज सांगतो, "तीन राती झाल्या. आता वीस हिरवी बोंडं फोडून पाहा." विसात दोन किडकी निघाली तर १० टक्के झाले, मग फवारणीचा विचार. हे दोन हंगाम चाललं आहे, लोक न सांगता मिस्ड कॉल देतात.

आता अडचण. मार्गदर्शक सर म्हणतात, हे सॉफ्टवेअर झालं, संशोधन कुठे आहे? शेतकऱ्यांना टॅमची, म्हणजे लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात ते सांगणाऱ्या मॉडेलची, प्रश्नावली द्या, 'उपयुक्त वाटतं का, सोपं वाटतं का' विचारा, आकडेमोड करा, प्रबंध होईल. शिवाय मधेच रचना बदलली म्हणून प्रयोग बिघडला, असंही त्यांचं मत आहे. सरांबद्दल आदर आहे, पण मला मनातून वाटतं की त्या पत्र्याच्या दारावर काहीतरी खरं सापडलं आहे आणि प्रश्नावलीत ते येणार नाही. ते थिअरीच्या भाषेत कसं मांडू? कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: संत्रानगरी

भाऊ, आधी धीर धरा. 'वस्तू आहे, थिअरी कुठे' हा प्रश्न या पद्धतीच्या जन्मापासूनचा आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये कृत्रिम वस्तूंचं शास्त्र असू शकतं हे मांडलं. हेव्हनर, मार्च, पार्क आणि राम यांचा २००४ चा लेख सगळे पुढे करतात, त्यातली सात मार्गदर्शक तत्त्वं पाठही करतात. तुमच्या कामाचा लेख मात्र दुसरा आहे: ग्रेगर आणि हेव्हनर, २०१३.

त्यांनी योगदानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीवर एका ठिकाणी चालणारी वस्तू. दुसरीवर संकल्पना, पद्धती आणि डिझाइन तत्त्वं, म्हणजे अंकुरलेली थिअरी. तिसरीवर पूर्ण वाढलेली थिअरी. तुम्ही पहिलीवर उभे आहात आणि सर तिसरी मागताहेत. पीएचडीला दुसरी गाठली तरी भक्कम काम होतं.

आता तुमचं तत्त्व काय? 'मिस्ड कॉल वापरा' हे तत्त्व नव्हे, ती युक्ती आहे, देशभर माहीत असलेली. मला तुमच्या लिखाणात दिसलं ते असं: निर्णय जर एका ठरावीक पातळीवर अवलंबून असेल, तर माणसाकडून मोजमाप मागू नये, पातळी ओलांडली का एवढंच विचारावं. यात कापूस नाही, फोनही नाही. म्हणजे ते दुसरीकडे नेऊन तपासता येतं. काकूंनी हे तत्त्व खडूनं लिहून ठेवलं होतं, तुम्ही वाचलंत.

त्याला आधार देणारा सिद्धांत लागेल. वॉल्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याला कर्नल थिअरी, म्हणजे गाभ्याचा सिद्धांत, म्हटलं. तुमच्यासाठी गुडह्यू आणि थॉम्पसन यांचा १९९५ चा काम आणि तंत्रज्ञान यांच्या जुळणीचा सिद्धांत बघा. टॅम वाईट नाही, पण तो माणूस वस्तू स्वीकारतो का ते सांगतो. वस्तू अशीच का घडवावी, हे त्याच्याकडून निघत नाही.

रचना मधेच बदलली याचं वाईट वाटून घेऊ नका. सेइन आणि सहकाऱ्यांची २०११ ची अ‍ॅक्शन डिझाइन रिसर्च पद्धत नेमकी हेच सांगते, की घडवणं, वापरात उतरवणं आणि तपासणं एकत्रच चालतं आणि वापरणारे वस्तूला आकार देतात. अट एक: प्रत्येक बदल का केला याची तारखेसह वही हवी. ठेवली आहे का?

प्रतिसाद: धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वही आहे. त्या दाराचा फोटोही तारखेसह आहे. 'युक्ती' आणि 'तत्त्व' हा फरक आजवर कुणी असा सांगितला नव्हता.

प्रतिसाद: तुरीची_ओळ

मी कीटकशास्त्राचा माणूस, अकोल्यात शिकलो. तुमच्या थिअरीतलं मला कळत नाही, पण सापळ्यातलं कळतं. काम आवडलं म्हणूनच एक शंका कळकळीनं मांडतो.

सापळ्यातला ल्युअर, म्हणजे मादीचा वास सोडणारी वडी, जुना झाला की पतंग येणं कमी होतं. आकडे असते तर बारा, नऊ, पाच, दोन अशी उतरण दिसली असती आणि शेजारच्या वावरात तेव्हाच पंधरा दिसले असते तर कुणीही म्हटलं असतं, ल्युअर बदला. तुमच्या दोन नंबरांत ही उतरण 'वर, वर, आत, आत' अशी दिसेल. शेतकरी समजेल अळी गेली. खरं तर सापळा मेलेला असेल. आकडा टाकून दिला तेव्हा त्याच्याबरोबर हीही माहिती गेली. याचं काय करणार?

प्रतिसाद: धागाकर्ता

हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. वही काढली. मागच्या सप्टेंबरात एका घराकडून ओळीनं नऊ दिवस 'आत' आलं होतं आणि धुऱ्यापलीकडच्या घराकडून त्याच आठवड्यात 'वर'. तेव्हा मी ते नशीब समजलो होतो. आज सकाळी त्या दादांना भेटलो. ते म्हणाले, ल्युअर लावला तो लावलाच, बदलायचा असतो हेच माहीत नव्हतं. वेचणीला त्यांच्याकडं कवडी, म्हणजे किडीनं डागाळलेला, कापूस जास्त निघाला होता.

संत्रानगरी ताई, मग माझं तत्त्वच चुकलं का?

प्रतिसाद: संत्रानगरी

चुकलं नाही, पण अपुरं होतं, आणि आता कुठे तुमच्या हाती थिअरी लागते आहे. ग्रेगर आणि जोन्स यांनी २००७ मध्ये डिझाइन थिअरीचे आठ भाग सांगितले. त्यात उद्देश आणि व्याप्ती हा पहिला, तपासता येणारी विधानं हाही एक. तुरीची_ओळ यांनी तुमच्या विधानाची व्याप्ती कुठे संपते ते दाखवून दिलं. असं कुणी दाखवू शकतं, यावरूनच कळतं की ते विधान आहे, जाहिरात नाही.

आता नीट बघा. तुम्ही एकच निर्णय धरला होता: बोंडं फोडायची का? तिथे दुसराही निर्णय लपलेला आहे: सापळा धड आहे का? त्या दुसऱ्यासाठी कमीत कमी काय विचारावं लागेल?

प्रतिसाद: धागाकर्ता

तिसरा नंबर. 'एकही नाही' यासाठी.

तुरीची_ओळ भाऊंशी फोनवर बोललो. हंगाम भरात असताना एखाद्या घराकडून लागोपाठ शून्य यावं आणि आजूबाजूची घरं 'वर' असावीत, तर त्या घराला वेगळा फोन जाईल: "ल्युअर पाहा, पिशवी फाटली का पाहा." हळूहळू होणारी उतरण यातही पूर्ण पकडता येणार नाही, हे भाऊंनी बजावलं आहे, आणि ते मर्यादेत लिहिणार आहे. काकूंना तिसरा नंबर दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजे रिकामा हाय तरी सांगाचं? दारावर तं मी रिकाम्याची रेघच नाई मारत." मग थोडं थांबून, "तुले कसं समजन मंग, मी पाहालेच गेली नाई का सापळाच रिकामा होता."

हे मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. नोंद नसणं आणि शून्याची नोंद असणं यातला फरक इतक्या कमी शब्दांत मला सांगता आला नसता.

सुधारलेलं तत्त्व असं लिहिलं आहे: ज्या नोंदीवर एकाहून जास्त निर्णय उभे असतात, तिथे प्रत्येक निर्णयाला पुरेल एवढंच, पण एकही निर्णय उपाशी राहणार नाही एवढं तरी विचारावं, आणि नोंद घेणारं साधन स्वतः बिघडलं आहे का, हा त्यातला एक निर्णय धरावाच. येत्या हंगामात काही घरांना आकडा विचारणार, काहींना तीन नंबर देणार आणि दोन गोष्टी बघणार: नोंदी कुठे जास्त दिवस टिकतात, मेलेले सापळे कुठे आधी सापडतात. सरांना हे दाखवलं. ते बराच वेळ वही चाळत राहिले, मग सारांश पुन्हा लिहून आणायला सांगितला.

आता दुसरी मदत मागतो. हे तत्त्व कापसाबाहेर टिकतं का, ते मला पाहायचं आहे. दूध संकलनात, विहिरीच्या पाण्याच्या पातळीत, आशाताईंच्या नोंदींमध्ये किंवा आणखी कुठे, 'आकडा मागितला तर लोक थकतात, नाही मागितला तर काहीतरी निसटतं' असा अनुभव कुणाला आला असेल, तर काय निसटलं ते कृपया इथे लिहा.